आधी मापं सांगा, मग रिटर्नचे पैसे मागा

जर्मनीत ऑनलाइन कपडे घेणं आणि त्यातले काही परत पाठवणं या आता दोन वेगळ्या गोष्टी राहिलेल्या नाहीत. ऑर्डर देतानाच काही वस्तू परत जाणार हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेलं असतं. बाम्बेर्ग विद्यापीठातला रिटर्नचा अभ्यास करणारा गट याचे अंदाज काढतो. त्यांच्या हिशेबाने 2018 मध्ये जर्मनीत 28 कोटी पार्सलं परत गेली. 2021 चा अंदाज 53 कोटी पार्सलांचा आहे आणि त्यांत सुमारे 130 कोटी वस्तू होत्या. बर्लिनच्या झालांडो कंपनीने तर आपला जवळपास निम्मा माल परत येतो हे स्वतःच सांगितलेलं आहे.

यावर वारंवार सुचवला जाणारा उपाय म्हणजे रिटर्न फुकट ठेवू नका, कायद्याने पैसे घ्यायला लावा. बाम्बेर्गच्याच गटाने 2019 मध्ये मांडलं होतं की सुमारे तीन युरोंची सक्तीची फी लावली तर रिटर्न 16 टक्क्यांनी कमी होतील. पर्यावरणाची काळजी असणाऱ्यांना हे पटतं, आणि छोट्या दुकानदारांनाही पटतं, कारण मोठ्या कंपन्यांसारखा फुकट रिटर्न देणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं असतं. माझा फीला विरोध नाही. विरोध आहे तो क्रमाला. आज कपडा परत जातो त्याचं एक मोठं कारण विक्रेत्याच्या पानावर असतं, ग्राहकाच्या चंचलपणात नव्हे. ते पान आहे तसंच ठेवून फी लावणं म्हणजे विक्रेत्याने दडवलेल्या माहितीचा भुर्दंड ग्राहकाच्या खिशातून वसूल करणं.

कायदा नेमकं काय देतो याबद्दल बराच गैरसमज आहे, म्हणून आधी तो पाहू. युरोपीय संघाचा ग्राहक हक्क निर्देश (2011/83), म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा नियम, 13 जून 2014 पासून लागू आहे. ऑनलाइन घेतलेली वस्तू हातात पडल्यापासून 14 दिवसांत, कारण न सांगता, खरेदीतून माघार घेता येते. माघार कळवल्यावर वस्तू रवाना करायला आणखी 14 दिवस मिळतात. विक्रेत्याने माघार कळल्यापासून 14 दिवसांत पैसे परत करायचे. पूर्ण ऑर्डर मागे घेतली असेल तर त्यात येतानाचा साधा डिलिव्हरी खर्चही धरायचा. वस्तू किंवा ती पाठवल्याचा पुरावा मिळेपर्यंत मात्र तो रक्कम रोखून ठेवू शकतो. परतीच्या पार्सलचा खर्च विक्रेत्याने स्वतःहून उचलला नसेल तर ग्राहकाचा, पण तसं त्याने आधी सांगितलेलं असलं पाहिजे. सांगितलं नसेल तर तो खर्च विक्रेत्याचाच.

म्हणजे हक्क माघारीचा आहे, फुकट रिटर्नचा नाही. जून 2014 पूर्वी जर्मनीत 40 युरोंपेक्षा महाग वस्तूच्या परतीचा खर्च विक्रेत्यावर टाकलेला होता. नव्या निर्देशाने ती सक्ती उठली, तरी मोठ्या दुकानांनी फुकट रिटर्न चालूच ठेवला, कारण त्यांना ग्राहक मिळवायचे होते. 2008 साली सुरू झालेल्या झालांडोची गाजलेली जाहिरात ‘आनंदाने ओरडा, नाहीतर परत पाठवा’ अशीच होती आणि परत पाठवायला तिने वर्षानुवर्षं 100 दिवस दिले. 2024 मध्ये ही मुदत 30 दिवसांवर आली. लोकांना ही सवय लावली ती व्यापाराने, आणि पुढे बिल जड झाल्यावर तोच व्यापार ग्राहकांच्या बेशिस्तीकडे बोट दाखवू लागला.

माघारीचा हक्क किती लांबवर जातो हे मार्च 2019 च्या एका निकालात दिसतं. जर्मनीतल्या एका ग्राहकाने गादीवरची प्लॅस्टिकची फिल्म काढली आणि नंतर गादी परत केली. स्वच्छतेच्या कारणाने सील तोडलेल्या वस्तू परत घ्यायच्या नसतात, हा अपवाद विक्रेत्याने पुढे केला. युरोपीय न्यायालयाने तो मानला नाही. कपडा अंगाला लागला तरी धुऊन पुन्हा विकता येतो, तशी गादीही साफ करून विकता येते, असं न्यायालयाचं म्हणणं. हा निकाल मला योग्य वाटतो. दुकानात गादीवर बसून पाहता येतं. ऑनलाइन घेणाऱ्यालाही तेवढी संधी हवी, आणि हा कायदा मुळात त्यासाठीच आहे.

पैसे कधी द्यायचे यावरही खरेदीची रीत ठरते. जर्मनीत टपालाने माल मागवण्याची परंपरा जुनी. हॅम्बुर्गच्या ओटो कंपनीचा 1950 मधला पहिला कॅटलॉग 14 पानांचा होता, त्यात 28 बूटजोड होते आणि हाताने तयार केलेल्या 300 प्रती निघाल्या. या धंद्यात आधी माल, मग बिल, मग पैसे ही पद्धत रुळली आणि इंटरनेटवरही तशीच उतरली. पुढे 2005 मध्ये स्टॉकहोममध्ये निघालेल्या क्लार्नासारख्या कंपन्यांनी ती इतर देशांतही नेली. 80 युरोंची जीन्स 36, 38 आणि 40 अशा तीन साइजमध्ये मागवली तर ऑर्डर 240 युरोंची होते. पैसे आधी भरायचे असतील तर यातले 160 युरो रिफंड येईपर्यंत अडकून पडतात, आणि महिनाअखेरीला माणूस दोनदा विचार करतो. बिल मागाहून येणार असेल तर काहीच अडकत नाही. तीन मागवा, एक ठेवा, 80 भरा. पोलंडमध्ये 2015 पासून चालू असलेल्या ब्लिक या पेमेंट सेवेत बँकेच्या ॲपमधला सहा आकडी कोड टाकला की पैसे त्याच क्षणी खात्यातून जातात, त्यामुळे तिथे एकाच कपड्याचे तीन साइज मागवणं खिशाला जाणवतं. आधी वस्तू, नंतर पैसे या कर्जवजा सोयीवर नवा ग्राहक कर्ज निर्देश 20 नोव्हेंबर 2026 पासून लागू व्हायचा आहे आणि घेणाऱ्याची परतफेडीची ऐपत तपासणं त्यात येतं. उधारी अंगावर साचू नये म्हणून ते आवश्यकच आहे. पण त्याने साइजचा प्रश्न सुटत नाही.

आणि मूळ साइजमध्येच आहे. जर्मनीतला बायकांचा 38 म्हणजे फ्रान्समध्ये 40 आणि इटलीत 44. हे तक्ता पाहून कळतं. तक्त्याने न सुटणारी गोष्ट अशी की एकाच देशातल्या दोन ब्रँडचे 38 सारखे नसतात. प्रत्येक ब्रँड आपल्या ठरावीक फिट मॉडेलच्या अंगावर पहिला नमुना बसवतो आणि तिथून वर-खाली साइज काढतो. एका ब्रँडची मॉडेल सरळ बांध्याची, दुसऱ्याची कंबरेत बारीक आणि सीटला भरलेली. आकडा एक, कपडे दोन. कित्येक ब्रँडनी ग्राहकाला बरं वाटावं म्हणून वर्षांमागून वर्षं आकडा तोच ठेवून कपडा सैल करत नेला आहे, तो घोळ निराळाच.

यात कारखान्यातला फरक मिळवा. युरोपीय मानक ईएन 13402 मध्ये बायकांच्या छातीची मापं 84, 88, 92, 96 अशी चार सेंटिमीटरच्या टप्प्यांनी जातात. शिलाईत कपडा सपाट ठेवून मोजलेल्या रुंदीत एक सेंटिमीटर इकडेतिकडे चालवून घेणं ही सर्रास रीत आहे. सपाट रुंदीत एक म्हणजे घेरात दोन. एका साइजचा पीस दोनने मोठा निघाला आणि पुढच्या साइजचा दोनने छोटा, तर दोन्ही पीस एकाच मापाचे होतात, लेबलं मात्र वेगळी. जाड डेनिमचे थर एकावर एक रचून कापताना वरच्या आणि खालच्या थरात फरक पडतो, धुलाईत कापड आटतं, दोन टक्के इलास्टेन (ताणला जाणारा धागा) असलेली जीन्स दिवसभराच्या वापरात ढिली पडते. हे सगळं माहीत असणारी बाई दोन साइज मागवते, तेव्हा ती उधळपट्टी करत नसते. हाती असलेल्या तुटपुंज्या माहितीवर ती शहाणपणाने वागत असते.

बुटांचंही तेच. युरोपीय नंबर पॅरिस पॉइंटवर चालतो, म्हणजे एका नंबरमागे 6.67 मिलिमीटर, ब्रिटिश नंबर इंचाच्या तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे 8.46 मिलिमीटर. एकातून दुसऱ्यात जाताना आकडे कधीच नीट जुळत नाहीत, मग तक्त्यात जवळचा आकडा लिहिला जातो आणि अर्धा नंबर हरवतो. पायाच्या रुंदीचा तर बहुतेक पानांवर उल्लेखच नसतो.

ही माहिती गोळा करायला खर्च येईल, हे विक्रेत्यांचं उत्तर ठरलेलं आहे. ते मला मान्य नाही, कारण माहिती आधीच तयार असते. तिरुपूर असो की ढाका, ऑर्डरसोबत कारखान्याकडे स्पेक शीट येते. तीत प्रत्येक साइजसाठी छाती, कंबर, सीट, मुंढा, बाही, पुढचा राइज (जांघेच्या शिवणीपासून कंबरेपर्यंतची उंची), आतली शिवण यांची मापं सेंटिमीटरमध्ये असतात आणि प्रत्येकापुढे किती फरक चालेल तेही लिहिलेलं असतं. तपासनीस त्याच कागदावरून नमुन्याचे पीस टेपने मोजतो आणि शिपमेंट पास करतो. म्हणजे हा तक्ता खरेदी करणाऱ्या ब्रँडच्या संगणकात असतोच. कपडा युरोपात पोचतो आणि पानावर उरतं ‘एस, एम, एल’ आणि मॉडेल 1.78 मीटर उंच असल्याची एक ओळ.

लोक स्वतःला मोजत नाहीत, हा दुसरा आक्षेप खरा आहे. अंगावर टेप धरून माप घेणं अवघड जातं आणि चुकतंही. पण तशी गरज नाही. घरात नीट बसणारी एक जीन्स असतेच. बटण लावून ती टेबलावर सपाट ठेवायची, कंबरेची पट्टी दोन्ही बाजूंनी जुळवून या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजायची, मग खुब्याच्या सगळ्यात रुंद जागी मोजायचं, जांघेच्या शिवणीपासून पुढची कंबर आणि तिथूनच खाली बॉटमपर्यंत. चार आकडे मिळाले. पानावरही कपडा असाच सपाट ठेवून मोजलेली मापं असतील तर तुलना मिनिटभरात होते. अंगाची मापं आणि कपड्याची मापं यांची गल्लत तेवढी व्हायला नको. बहुतेक साइज तक्ते अंगाची मापं देतात आणि त्यात किती सैलपणा धरला आहे ते सांगत नाहीत. 92 छातीसाठी शिवलेला कोट 104 चा असू शकतो आणि टी-शर्ट 88 चा.

आता परत गेलेल्या कपड्याचं काय होतं ते पाहू, कारण फुकट म्हणताना हे काम डोळ्यांआड राहतं. रिटर्न केंद्रात कामगार पिशवी फाडतो, बारकोड वाचतो, ठरलेला पीसच आला आहे ना ते बघतो. कॉलरच्या आतल्या बाजूला मेकअपचा डाग, काखेत डिओडरंटचे पांढरे पट्टे, अत्तराचा किंवा सिगारेटचा वास, केस, तुटलेला टॅग, बुटाच्या तळव्यावरचे ओरखडे, हे सगळं मिनिटा-दोन मिनिटांत तपासायचं. पास झाला तर चिकट रोलर फिरवायचा, वाफ द्यायची, घडी, नवी पिशवी, नवं लेबल. डाग असेल तर साफसफाईला किंवा दुय्यम दर्जाच्या मालात. हे काम यंत्राला अजून नीट जमत नाही, म्हणून ते स्वस्त मजुरीच्या दिशेने सरकतं. ओटो गटाने हॅम्बुर्गमधलं रिटर्न केंद्र बंद करायचं 2021 मध्ये ठरवलं, तेव्हा 840 जणांच्या नोकऱ्या पणाला लागल्या आणि काम पोलंड व चेक प्रजासत्ताकाकडे गेलं. म्युनिकमधल्या घरातून निघालेला ड्रेस पोलंडमध्ये वाफ घेऊन पुन्हा जर्मनीत विकायला येतो, तो असा.

या खर्चाची फोड करून पाहावी. समजा 100 ड्रेस पाठवले, प्रत्येकी पाठवणी 4 युरो, म्हणजे 400. त्यातले 50 परत आले, प्रत्येकी 4, म्हणजे 200. तपासणी आणि नवं पॅकिंग प्रत्येकी 3, म्हणजे 150. एकूण 750 युरो, आणि ते भरायला उरले 50 विकलेले ड्रेस. प्रत्येकावर 15 युरो. काहीच परत आलं नसतं तर प्रत्येकावर 4 पडले असते. हे जास्तीचे 11 युरो किमतीत मिसळलेले असतात आणि एकच साइज मागवून तोच ठेवणाराही ते भरतो. रिटर्न फीच्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा हाच आहे आणि तो मी पूर्ण मानतो.

वेळेचं नुकसान यात धरलेलंच नाही. माघारीचे 14 दिवस, पाठवण्याचे 14, वाटेतले तीन-चार, केंद्रातले तीन-चार. कायद्याच्या मुदती पुरेपूर वापरल्या तर ड्रेस पाच आठवडे विक्रीबाहेर असतो. 100 दिवसांच्या मुदतीत तर उन्हाळी ड्रेस सप्टेंबरमध्ये परत येई. तोवर त्याची किंमत कोसळलेली, नवा माल रॅकवर. म्हणून काही कपडे परत विकले जाण्याऐवजी नष्ट होतात. युरोपीय पर्यावरण संस्थेच्या 2024 च्या अंदाजानुसार युरोपच्या बाजारात आलेल्या कापडी वस्तूंपैकी 4 ते 9 टक्के एकदाही न वापरता नष्ट केल्या जातात. हे मला सगळ्यात लाजिरवाणं वाटतं. ज्या कापसाला पाणी लागलं, ज्या कारागिराने ओव्हरटाइम करून शिवण घातली, तो कपडा कोणाच्या अंगावर न जाता जाळला जातो. संघाच्या 2024 च्या इकोडिझाइन नियमावलीने न विकलेले कपडे आणि बूट नष्ट करण्यावर मोठ्या कंपन्यांसाठी 19 जुलै 2026 पासून बंदी ठरवली आहे आणि माघारीखाली परत आलेला मालही तीत येतो. मध्यम कंपन्यांना 2030 पर्यंत मुदत आहे. छोट्या वगळलेल्या आहेत.

बंदी शेवटच्या टोकाला आहे, फी मधल्या टोकाला. सुरुवातीच्या टोकाला, म्हणजे विक्रीच्या पानाला, कोणी हात लावत नाही. सरसकट फीचा फटका कुणाला बसतो पाहा. झाराने 2022 मध्ये ब्रिटनमध्ये पार्सलने परत करण्यासाठी 1.95 पौंड घ्यायला सुरुवात केली, दुकानात नेऊन दिलं तर फुकट. लंडनमध्ये राहणाऱ्याला फरक पडत नाही. जवळ दुकान नसलेल्या गावातला माणूस दर वेळी भरतो. साडेसहा फूट उंच माणूस, गरोदर बाई, एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा असलेला ग्राहक, प्रमाणबद्ध साइजमध्ये न बसणारे सगळे, यांना परत पाठवावं लागतंच. आणि ज्या विक्रेत्याचा साइज तक्ता सगळ्यात चुकीचा, त्याला सगळ्यात जास्त फी मिळते. सुधारण्याचं कारणच संपतं.

म्हणून नियम असा हवा. कपडे आणि बूट ऑनलाइन विकणाऱ्याने प्रत्येक साइजची सपाट ठेवून घेतलेली मापं, चालणाऱ्या फरकासह, पानावर द्यावीत; बुटाच्या बाबतीत आतली लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये. रिटर्न करताना ग्राहक यादीतून ‘छोटं पडलं’ किंवा ‘मोठं पडलं’ असं कारण निवडतो. ते आकडे विक्रेत्याकडे साठतात; प्रत्येक वस्तूचा तो हिस्सा पानावर दाखवावा. काही दुकानं ‘एक साइज मोठा घ्या’ असं लिहितात, म्हणजे हे जमतं. एवढं करणाऱ्यालाच परतीची फी घेऊ द्यावी, आणि पीस दाखवलेल्या मापाबाहेर निघाला तर ती फी माफ. एकच कपडा तीन साइजमध्ये मागवणाऱ्याकडून मग फी घेतली तर ती न्याय्य ठरेल, कारण त्याला निवडायला पुरेसं साधन दिलेलं असेल.

नोकरी-शिक्षणासाठी जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंडमध्ये गेलेल्या मराठी मंडळींचे दोन ठिकाणी हमखास पैसे जातात. पहिलं, पार्सल नुसतं परत पाठवणं किंवा दारातून नाकारणं म्हणजे माघार नव्हे. माघार घेत असल्याचं ईमेलने किंवा फॉर्म भरून स्पष्ट कळवावं लागतं, आणि पार्सल दिल्याची पावती रिफंड येईपर्यंत जपून ठेवावी. दुसरं, शिवण उसवलेला किंवा चेन न लागणारा कपडा माघारीच्या फॉर्मवर परत करू नये. तो दोषाचा मामला आहे. त्याला किमान दोन वर्षांची कायदेशीर हमी आहे आणि परतीचा खर्च नेहमी विक्रेत्याचा. माघारीचा फॉर्म भरला की तोच खर्च तुमच्या अंगावर येऊ शकतो. टॅग काढला म्हणून हक्क जात नाही. अंदाज घेण्यापलीकडे वापर झाला असेल तर किमतीतली घट कापता येते, सगळे पैसे बुडवता येत नाहीत. रिफंडऐवजी कूपन घ्यायची सक्तीही नाही.

19 जून 2026 पासून युरोपीय संघात ऑनलाइन विकणाऱ्याने माघारीचं बटण आपल्या साइटवरच द्यायचं, असं ठरलं आहे. वस्तू परत करणं बटणाइतकं सोपं करायला संघाने एका निर्देशात जागा केली. वस्तू नीट निवडता येण्यासाठी लागणारं ईएन 13402 हे मानक 2001 पासून टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झालेलं आहे, त्यात शरीराचं चित्र आणि सेंटिमीटरमधली मापं कशी छापायची तेही दिलेलं आहे, आणि ते आजही ऐच्छिक आहे. ब्रसेल्समध्ये फीचा मसुदा कोणी घेऊन आला, तर हे मानक ऑनलाइन विक्रीला बंधनकारक करणारं कलम त्या मसुद्यात फीच्या आधी असलं पाहिजे.